बालीची सहल पंचांग पाहून कशी आखावी

बालीला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबे आधी विमानाची स्वस्त तिकिटे शोधतात, मग हॉटेल ठरवतात आणि शेवटी पाहण्याच्या ठिकाणांची यादी करतात. केवळ समुद्रकिनारे आणि बाजार पाहायचे असतील तर हा क्रम चालतो. इंडोनेशियासारख्या मुस्लिमबहुल देशात या एका बेटाने टिकवलेली हिंदू परंपरा पाहण्याची इच्छा असेल, तर मात्र तो उलटा करावा लागतो. बालीतील देवळे वर्षातील बहुतेक दिवस शांत, जवळजवळ रिकामी असतात. ज्या दिवशी त्या देवळाचा वर्धापन सोहळा, म्हणजे ओदालान, असतो, त्या दिवशी तेच आवार छत्र्या, निशाणे, फळांच्या उतरंडी आणि गामेलान वाद्यवृंदाने भरून जाते. म्हणून आधी पंचांग पाहावे, मग तारखा पक्क्या कराव्यात आणि त्यानंतरच ठिकाणे निवडावीत.

दोन कालगणना

बालीत दोन कालगणना एकाच वेळी चालतात. पहिली पावुकोन ही २१० दिवसांची. तिच्यात सात दिवसांचे तीस आठवडे असून प्रत्येक आठवड्याला स्वतंत्र नाव आहे. चंद्रसूर्याशी तिचा संबंध नसल्याने तिच्यावर आधारलेले सण आपल्या कॅलेंडरमध्ये दरवर्षी सरकत राहतात. बहुतेक देवळांचे ओदालान आणि गालुंगान हा मोठा सण याच गणनेने येतो. गालुंगान नेहमी बुधवारी असतो आणि त्यानंतर दहा दिवसांनी, शनिवारी, कुनिंगान येतो. या काळात पितर घरी येतात अशी श्रद्धा आहे. प्रत्येक घरापुढे पेंजोर, म्हणजे भाताच्या लोंब्या, नारळाची पाने आणि फळे लावून सजवलेला, शेंड्याला वाकलेला उंच बांबू उभा करतात. १७ जून २०२६ आणि १३ जानेवारी २०२७ या गालुंगानच्या तारखा आहेत. प्रथमच जाणाऱ्याने या दहा-अकरा दिवसांत कधीही जावे. रस्त्यावरून नुसते फिरले तरी पुष्कळ पाहायला मिळते. मात्र सणाच्या मुख्य दिवशी आणि त्याच्या आदल्या-नंतरच्या दिवशी गाडीचे चालक, दुकानदार आणि कारागीर आपापल्या गावी जातात, हे लक्षात घेऊन त्या तीन दिवसांत लांबचा प्रवास ठेवू नये.

दुसरी गणना शकाची. इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा हा शक आणि आपला शालिवाहन शक यांचा आरंभ एकच. त्यामुळे १९ मार्च २०२६ रोजी महाराष्ट्रात गुढ्या उभारून शके १९४८ सुरू होते आणि त्याच दिवशी बालीतही १९४८ हेच वर्ष लागते. अधिक महिने दोन्हीकडे एकाच जागी धरले जात नाहीत, म्हणून दरवर्षी हे दिवस जुळतीलच असे नाही. साजरे करण्याची रीत तर अगदी विरुद्ध आहे. आपला पाडवा शोभायात्रेचा आणि बालीचा पाडवा, म्हणजे न्येपी, संपूर्ण मौनाचा.

न्येपीच्या दिवशी काय करावे

न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चार नियम पाळले जातात: अग्नी वा दिवा लावायचा नाही, काम करायचे नाही, प्रवास करायचा नाही आणि करमणूक करायची नाही. हे नियम पर्यटकांनाही लागू असतात. विमानतळ चोवीस तास बंद राहतो, मोबाइल इंटरनेट बंद केले जाते आणि रस्त्यावर पेचालांग या पारंपरिक ग्रामरक्षकांशिवाय कोणी दिसत नाही. तातडीच्या वैद्यकीय कारणाखेरीज हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. रात्री खिडक्यांचे पडदे ओढून अगदी मंद प्रकाशात बसावे लागते.

याची तयारी आदल्या दिवशी दुपारपर्यंत संपवावी. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले असेल तर दोन दिवसांचा शिधा, लहान मुलांचे खाणे आणि नेहमीची औषधे आणून ठेवावीत. हॉटेलमध्ये असल्यास त्या दिवशी जेवण कोणत्या वेळी आणि कोठे मिळेल ते विचारून घ्यावे. मुलांसाठी पुस्तके आणि पत्ते बरोबर असावेत. आभाळ निरभ्र असेल तर त्या रात्री तारे जितके दिसतात तितके बेटावर इतर कोणत्याही रात्री दिसत नाहीत. ज्यांना असा दिवस म्हणजे शिक्षा वाटेल त्यांनी सरळ त्या आठवड्यात जाऊच नये. अर्ध्या मनाने गेलेल्यांची चिडचिड यजमानांनाही त्रासदायक होते.

न्येपीच्या आधीचे दिवस मात्र गजबजलेले असतात. प्रथम मेलास्ती, म्हणजे देवळांतील पवित्र वस्तू वाजतगाजत समुद्रावर किंवा जलाशयावर नेऊन शुद्ध करण्याचा विधी होतो. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह, म्हणजे बांबू व कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस, खांद्यावर घेऊन तरुण मिरवणूक काढतात आणि दुष्ट शक्तींची दिशाभूल व्हावी म्हणून चौकाचौकांत ते गरागरा फिरवतात. आपल्याकडील गणपती मंडळांसारखीच वस्तीवस्तीतील पोरे यासाठी आठवडेच्या आठवडे राबतात. मिरवणूक पाहण्यासाठी मुक्कामापासून चालत परतता येईल असाच चौक निवडावा, कारण संध्याकाळी रस्ते वाहनांना बंद होतात.

देवळात शिरताना

मराठी भाविकाची पहिली अडचण अशी होते की, देवळात पोहोचल्यावर त्याचे डोळे गाभारा आणि मूर्ती शोधू लागतात व त्यांपैकी काहीच सापडत नाही. बालीचे देऊळ म्हणजे एकामागून एक अशी, आभाळाखाली उघडी असलेली तीन आवारे. मधोमध चिरल्यासारख्या दिसणाऱ्या दुभंग दारातून आत जावे लागते. सर्वांत आतल्या आवारात विषम संख्येचे, जास्तीत जास्त अकरा मजल्यांचे, काळ्या तंतूंनी शाकारलेले मेरू नावाचे मनोरे असतात आणि पद्मासन नावाचे उंच दगडी आसन असते, ज्याच्या माथ्यावरची बैठक रिकामी ठेवलेली असते. ती सांग ह्यांग विधी वासा या परमेश्वराची जागा. देव तेथे कायम वस्तीला नसतो. बोलावल्यावर, सोहळ्यापुरता येतो. हे आधी ठाऊक असले म्हणजे ‘इतक्या लांब येऊन दर्शन काही झाले नाही’ अशी खंत वाटत नाही.

पोशाखाचा नियम साधा आहे. स्त्री असो वा पुरुष, कमरेपासून खाली सारोंग आणि त्यावर कमरेला पट्टा. मोठ्या देवळांत हे प्रवेशद्वाराशी मिळते, तरी स्वतःचा एक जोड पहिल्याच दिवशी बाजारातून घेऊन पिशवीत ठेवणे सोयीचे. साडी नेसलेली असली तरी पट्टा बांधावाच. मासिक पाळीच्या काळात स्त्रियांनी, तसेच घरात नुकताच मृत्यू झालेल्यांनी देवळात जाऊ नये असा तेथील नियम आहे. तो पटो वा न पटो, पाहुण्याने वाद न घालता बाहेरच्या आवारातून परतावे. पुजारी किंवा पूजेला बसलेले लोक यांच्यापेक्षा उंच जागी उभे राहू नये आणि त्यांच्या समोरून जाऊ नये. ड्रोन, फ्लॅश आणि भिंतीवर चढून काढलेली छायाचित्रे टाळावीत.

‘आम्हीही हिंदूच आहोत, मग आतल्या आवारात का सोडत नाही?’ हा प्रश्न दारावर वारंवार ऐकू येतो. बेसाकिह आणि उलुवातू या मोठ्या देवळांतील आतली आवारे पर्यटकांसाठी बंद असतात, आणि तिकीट काढून आलेला हिंदू हा त्या घडीला पर्यटकच असतो, असे मला वाटते. खरोखर पूजा करायची असेल तर तसे सांगावे, पूर्ण पारंपरिक पोशाख करावा, ओळखीच्या बाली व्यक्तीला बरोबर घ्यावे आणि पेमांकू, म्हणजे देवळाच्या पुजाऱ्याची परवानगी मागावी. परवानगी मिळाली तर जमिनीवर बसून पाच वेळा हात जोडतात. पहिल्यांदा आणि शेवटी हात रिकामे असतात, मधल्या वेळी बोटांत फूल धरतात. नंतर पुजारी तीर्थ शिंपडतो, ओंजळीत देतो आणि ओले तांदूळ कपाळावर लावायला देतो. तीर्थ आणि अक्षता हातात पडल्या की परकेपणा बराच सरतो.

पायाखाली पाहत चालण्याची सवयही लावून घ्यावी. दुकानाच्या उंबऱ्यावर, फुटपाथवर, गाडीच्या पुढच्या काचेपाशी चानांग सारी ठेवलेली असते. नारळाच्या पानाची तळहाताएवढी चौकोनी परडी, तिच्यात पूर्वेला पांढरी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पिवळी आणि उत्तरेला निळी वा हिरवी फुले, वर धुमसती उदबत्ती. फुलांच्या खाली विड्याचे पान, चुना आणि सुपारी यांची चिमुकली पुडी असते. आपल्या पूजेतल्या विड्याचे हे सख्खे भावंड. परडी ओलांडू नये, बाजूने जावे.

तिर्ता एम्पुल आणि इतर ठिकाणे

एकाच देवळाला अर्धा दिवस देता येत असेल तर तो ताम्पाकसिरिंग येथील तिर्ता एम्पुलला द्यावा. जिवंत झऱ्याभोवती वसलेले हे तीर्थ इसवी सन ९६२ च्या सुमाराचे मानले जाते. मेलुकात, म्हणजे शुद्धिस्नान, येथे पाहुण्यांनाही करता येते. सकाळी दार उघडताच पोहोचावे, पाण्यात उतरण्यासाठी वेगळा सारोंग भाड्याने घ्यावा, आधी परडी अर्पण करून हात जोडावेत आणि मग रांगेने एकेका धारेखाली मस्तक धरावे. मृतांच्या विधींसाठी राखलेल्या दोन धारा सोडून पुढे जायचे असते. त्या कोणत्या हे तेथील माणसाला विचारून घ्यावे. साबण, पोहणे आणि पाण्यातले हसणेखिदळणे येथे शोभत नाही. नंतर कोरडे कपडे घालूनच आतल्या आवारात जावे. जवळच गुनुंग कावी येथे अकराव्या शतकात कड्यात कोरलेली दहा उंच स्मारके आहेत. पायऱ्या अडीचशेहून अधिक असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून उतरावे.

तानाह लोत हे समुद्रातील खडकावरचे देऊळ सूर्यास्तासाठी प्रसिद्ध असले तरी तेव्हा तेथे माणसांच्या पाठीच अधिक दिसतात. ओहोटीची वेळ पाहून सकाळी गेल्यास खडकाच्या पायथ्याशी जाता येते. वरचे देऊळ पर्यटकांना खुले नाही. उलुवातूला मात्र संध्याकाळीच जावे, कारण कड्याच्या टोकाशी मावळत्या उन्हात केचाक हे नृत्यनाट्य होते. वाद्य नाही, केवळ पुरुषांच्या ‘चाक-चाक’ आवाजावर रामायण उभे राहते. सध्याचे हे रूप १९३० च्या दशकात घडले. तेथील माकडे चश्मा आणि फोन पळवतात, तेव्हा चश्म्याला दोरी लावावी. लेम्पुयांग देवळाच्या दाराच्या छायाचित्रांत दिसणारे पाण्यातले प्रतिबिंब फोनखाली आरसा धरून साधलेले असते आणि त्या एका छायाचित्रासाठी तासन्‌तास रांग लागते. ती न लावणेच बरे.

शेती पाहायची असल्यास जातिलुविहला जावे. गावोगावचे शेतकरी सुबाक या मंडळांतून पाटाचे पाणी वाटून घेतात आणि त्या वाटपाचे वेळापत्रक जलदेवळांशी बांधलेले असते. या पद्धतीला युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ब्रातान सरोवरावरील उलुन दानू हे त्याच मार्गावरचे देऊळ जलदेवी देवी दानूचे आहे, म्हणून ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहावीत.

प्रवास आणि जेवण

एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. भारतीयांना विमानतळावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, आणि फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाला दीड लाख रुपिया कर भरावा लागतो. तो निघण्यापूर्वी ऑनलाइन भरावा. देवळांसाठी मुक्काम उबुद परिसरात ठेवावा आणि दिवसभरासाठी चालकासह गाडी घ्यावी. स्कूटरसाठी दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो.

शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बालीचे हिंदू बहुधा मांसाहारी आहेत आणि सणाला डुकराचे मांस हे मानाचे पक्वान्न असते. टोफू, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भाज्या आणि भात सर्वत्र मिळतात, पण चटणीत तेरासी, म्हणजे सुक्या कोळंबीचा गोळा, वाटलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पदार्थ मागवताना ‘तान्पा तेरासी’ असे स्पष्ट सांगावे आणि अंडे चालत नसेल तर ‘तान्पा तेलुर’ हेही जोडावे.