इंग्लिश डिक्शनरीतली व्याख्या नीट वाचायची कशी

बरेच जण शब्द शोधतात, साधारण अर्थ कळला की डिक्शनरी बंद, आणि मग वाक्य करायला बसलं की अडतं. खरं तर ते वाक्य कसं करायचं हे त्या व्याख्येतच लिहिलेलं असतं, फक्त आपण बारीक अक्षरं सोडून देतो.

आधी डिक्शनरी शिकणाऱ्यांसाठीची घ्या, ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमन, कोबिल्ड, कुठलीही चालेल.

आता व्याख्येत दिसणारे ते एसबी (sb) आणि एसटीएच (sth). समबडी आणि समथिंग, म्हणजे इथे माणूस येणार, इथे वस्तू किंवा गोष्ट येणार. ऑक्सफर्डमधे डिस्कस बघा, त्यापुढे लगेच एसटीएच आहे, मधे अबाउट नाहीच, आणि विथ एसबी लिहिलं तरी चालतं नाही लिहिलं तरी चालतं. आपल्याकडे अगदी इंग्लिश मीडियमवाले पण बिनधास्त 'डिस्कस अबाउट' म्हणतात, ते इथेच थांबलं असतं!

कोबिल्ड १९८७ साली आली तेव्हापासून अर्थ पूर्ण वाक्यात सांगते, 'इफ यू पर्सुएड समवन टू डू समथिंग' असं सुरू करून पुढे अर्थ. पहिला अर्धा भाग म्हणजे वापरायचा साचा, तोच वहीत उतरवा, अर्थ राहतो डोक्यात आपोआप.

व्याख्येत 'युज्ड टू' दिसलं की पूर्वीची सवय वगैरे समजू नका, तिथे त्याचा अर्थ 'हा शब्द यासाठी वापरतात' एवढाच. इव्हन, जस्ट असल्या शब्दांना अशीच व्याख्या असते कारण त्यांना दाखवता येईल असा अर्थ नसतो.

आणि लेबलं, म्हणजे शब्दाजवळचे ते छोटे शेरे. चाइल्डिशला मोठ्या माणसाबद्दल असेल तर डिसअप्रूव्हिंग लिहिलंय, चाइल्डलाइकला अप्रूव्हिंग, म्हणजे एक टोमणा आणि एक कौतुक, मराठीत दोन्हीला 'लहान मुलासारखं' म्हणून मोकळे झालात तर कोणीतरी दुखावणार. नामापुढे नुसता यू (U, अनकाउंटेबल म्हणजे मोजता न येणारं) असेल तर एस लावू नका, इन्फर्मेशन्स, अ‍ॅडव्हाइसेस, फर्निचर्स सगळं बाद.

व्याख्येतलाच शब्द अडला तर? लाँगमन १९७८ पासून साधारण २००० सोप्या शब्दांतच अर्थ लिहिते, त्याबाहेरचा शब्द छोट्या कॅपिटल अक्षरांत छापते, मग तेवढाच वेगळा शोधायचा.