नावातल्या स्पेसने अडवलेला बॅकअप

रत्नागिरीत एका आंबा व्यापाऱ्याच्या ऑफिसात रोज रात्री बिलांचा बॅकअप घेणारी शेल स्क्रिप्ट (शेल हा प्रोग्राम ओळीने चालवतो अशा आज्ञांची फाईल) आहे. त्यात 'पावस बाग' हा फोल्डर कधीच कॉपी होईना. अशा स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं शेलचेक हे साधन चालवलं, लगेच २०८६ क्रमांकाचा इशारा: फोल्डरचं नाव धरणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं नाहीत. शेल स्पेसवर नाव तोडायचं आणि सीपी (कॉपीची आज्ञा) 'पावस' नि 'बाग' असं वेगवेगळं शोधत बसायचं. अवतरणं घातली, काम झालं.

खरी धास्ती २१६४ क्रमांकाच्या इशाऱ्याची. सीडी (फोल्डरात शिरण्याची आज्ञा) फसलं तरी पुढची, जुन्या फायली पुसणारी ओळ चालणारच, तीही भलत्याच फोल्डरात! पावसाळ्यात वीज गेली की नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला नसतो, मग आतला फोल्डर सापडणार कुठून? सीडीच्या ओळीला दोन उभ्या रेघा आणि एक्झिट जोडलं, म्हणजे सीडी फसलं की स्क्रिप्ट तिथेच थांबते. नुसत्या 'बॅश -एन'वर विसंबू नका, ते स्क्रिप्ट न चालवता फक्त व्याकरण तपासतं.