मोखाड्याच्या पाड्यावर ढोलकी नेताना

आम्ही चौघं: पेटी, बासरी, एक गाणारी आणि ढोलकीवर मी. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या वारली पाड्यांवर मुलांसाठी गायला जातो. "कसं जायचं?" असं कुणी विचारलं की मी आधी "कधी" ते सांगतो.

दसरा ते दिवाळी. पावसाळ्यात आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, पोरं घरच्यांबरोबर शेतात असतात, आणि दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं मुलाबाळांसकट वीटभट्ट्यांवर निघून जातात. मधल्या दिवसांत भात तयार झालेलं असतं आणि तारपा, वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, तोही घुमत असतो.

आश्रमशाळेत जायचं तर जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आधी पत्र द्या. रेल्वेनं कसाऱ्याला उतरून खोडाळ्यामार्गे वर जाता येतं, पण शेवटचा टप्पा पायी पडू शकतो. म्हणून पट्टी बदलता येणारी जड स्केलचेंजर पेटी घरीच ठेवा, साधी हलकी न्या. ढोलकीला प्लास्टिकचं आवरण हवंच, कारण ओलाव्यानं पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडून सुरातून उतरते. माईक नेऊ नका. साठ पोरांना आपला गळा पुरतो, आणि विजेचा तर भरवसाच नाही.

पहिल्या वर्षी आम्ही टेबलं जोडून मंच केला आणि चाळीस मिनिटं गायलो. पोरं हाताची घडी घालून बसली होती, कारण गुरुजींनी तसं बसवलं होतं. टाळ्याही गुरुजींच्याच खुणेवर! आता आम्ही खाली, मातीत बसतो आणि सुरुवात आमची नसते. पाड्यावरच्या तारपकऱ्याला आधी निरोप धाडतो आणि मानाचा पहिला सूर त्यांचा.

इथे पेटीवाल्यांची पंचाईत होते. तारपा म्हणजे वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांध्यांना मेण. त्याचा सा पेटीच्या काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला, जुळेल ही अपेक्षाच ठेवू नका. आमचा पेटीवाला दोन वर्षं पट्टी शोधत बसला. शेवटी मी म्हटलं, भाता बंद कर आणि टाळ्या वाजव. बासरीही पिशवीत. ढोलकीनं मात्र साथ करावी, पण ठेका लादू नये. तारपकरी दम न तोडता फुंकत राहतो, चाल बदलली की कमरेत हात गुंफलेली पोरांची साखळी पावलं बदलते. तुमची नजर पायांवर हवी. तोच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची, तिहाई घेण्याची खुमखुमी आली तर हात मांडीखाली दाबा. मला अजून दाबावा लागतो.

मग आपली गाणी, तीन-चार पुरेत. ओळ छोटी, पोरांनी उलटून म्हणण्याजोगी. मराठी त्यांना शाळेत भेटते, घरी वारली बोलतात. त्यामुळे शब्दांपेक्षा प्राण्यांचे आवाज जास्त चालतात.

शेवटी वाद्यं पोरांच्या हातात द्या. त्यासाठी एक जुनी ढोलकी वेगळी न्या. माझ्या त्या ढोलकीची धुम, म्हणजे खर्जाची बाजू, यंदा फुटली, पण चाट, म्हणजे बारीक आवाजाची बाजू, अजून बोलते.