ॲपमध्ये ॲरे लँग्वेज एम्बेड करताय? या चुका टाळा

ल्युआ किंवा पायथनच्या जागी जे, बीक्यूएन, के नाहीतर एपीएल या ॲरे लँग्वेज (अख्ख्या लिस्टवर एकदम हिशोब करणाऱ्या भाषा) स्क्रिप्टिंग इंजिन म्हणून ॲपमध्ये बसवायची कल्पना खरंच भारी आहे, हिशोबाचा नियम युजर एका ओळीत लिहितो आणि तीच ओळ लाखो आकड्यांवर झपाट्याने चालते. पण बसवल्यावर जो त्रास होतो तो बहुतेक वेळा भाषेतला नसतोच. होस्ट प्रोग्राम (म्हणजे तुमचं ॲप) आणि इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारं इंजिन) यांच्या मधल्या सीमेवर सगळा घोळ असतो: डेटा कुठल्या शेपमध्ये (किती ओळी, किती कॉलम) गेला, कुठल्या टाइपमध्ये परत आला आणि ती मेमरी कोणाची. त्यामुळे काही बिघडलं की स्क्रिप्ट उकरत बसू नका, आधी सीमा तपासा.

डेटा स्ट्रिंगमध्ये चिकटवून पाठवणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे आणि सगळ्यात महागात पडणारीसुद्धा. समजा होस्टकडे ३ आणि उणे ५ असे दोन आकडे आहेत, तुम्ही ते साध्या फॉरमॅटिंगने जोडून "३ -५" असा मजकूर इंटरप्रिटरला दिला. जे आणि एपीएलला यात लिस्ट दिसत नाही, वजाबाकी दिसते, उत्तर येतं उणे २. एरर नाही, वॉर्निंग नाही, पुढचा सगळा हिशोब त्या एका आकड्यावर होतो! जे मध्ये ऋण आकडा _५ असा लिहावा लागतो, एपीएल आणि बीक्यूएनमध्ये ¯५ असा, आणि के मध्ये मात्र तोच "३ -५" खरोखर दोन आकड्यांची लिस्ट असतो, म्हणजे एका इंजिनवर टेस्ट केलेला कोड दुसऱ्यावर गुपचूप चुकतो. त्यात मजकुरात कुणाच्या नावात एकेरी अवतरणचिन्ह आलं की स्ट्रिंग तिथेच संपते आणि उरलेला भाग कोड म्हणून चालायला लागतो, तो धोका वेगळाच.

उपाय एकच, डेटा इंजिनच्या एपीआयमधून, म्हणजे त्याने दिलेल्या फंक्शनमधून द्या. जे मध्ये आधी व्हेरिएबल सेट करा आणि मग फक्त त्याचं नाव असलेली ओळ चालवा, बीक्यूएनमध्ये फंक्शन एकदा इव्हॅल्युएट करून धरून ठेवा आणि त्याला ॲरे देऊन कॉल करा. सीबीक्यूएन (बीक्यूएनचं सी मधलं इंजिन) मधलं साधं इव्हॅल दर वेळी नवीन एन्व्हायर्नमेंटमध्ये चालतं, त्यामुळे आधीच्या कॉलमधली नावं पुढच्या कॉलमध्ये सापडत नाहीत, तो बग नाहीये.

एक अक्षर आणि एक आकडा

जे आणि एपीएलमध्ये 'अब' ही लिस्ट आहे. पण अवतरणात एकच साधं अक्षर असेल तर ती लिस्ट नाही, स्केलर म्हणजे एकटी किंमत आहे, रँक (मितींची संख्या) शून्य. बीक्यूएनमध्ये दुहेरी अवतरणातलं एक अक्षर मात्र एका घटकाची लिस्टच राहतं. होस्टने पहिल्या मितीची लांबी वाचायची म्हणून शेपचा पॉइंटर उघडला आणि रँक शून्य निघाली, की तिथे वाचायला काही नसतंच, कचरा मिळतो. रिझल्ट वाचताना पहिल्यांदा रँक बघायची, मग शेप, मग डेटा, हा क्रम कधीच सोडू नका. आणि मजकुराची लांबी मोजताना एन्कोडिंग लक्षात ठेवा: जे मध्ये 'नाव' ची लांबी ९ येते कारण तिथे साधी स्ट्रिंग म्हणजे यूटीएफ-८ चे बाइट्स, बीक्यूएनमध्ये तीच ३ येते.

टाइप डेटाप्रमाणे बदलतो हे न धरणं

जे मध्ये तुलनेचा रिझल्ट बुलियन असतो आणि एका घटकाला एकच बाइट लागतो, इंटिजर ६४ बिटचे असतात, आणि बेरीज ६४ बिटमध्ये मावली नाही की रिझल्ट आपोआप फ्लोट होतो. म्हणजे तीच स्क्रिप्ट, तीच ओळ, फक्त आज डेटा मोठा आला म्हणून टाइप वेगळा. होस्टने "इथे इंटिजरच येतो" असं धरून पॉइंटर कास्ट केला असेल तर आकडे इतके विचित्र येतात की लोक दिवसभर स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतात. टाइप कोड दर वेळी तपासा आणि रूपांतर एकाच जागी करा. सीबीक्यूएनमध्ये आतला टाइप काहीही असला तरी सगळं डबलमध्ये कॉपी करून देणारं फंक्शन आहे, सुरुवातीला तेच वापरा, थेट पॉइंटरच्या मागे नंतर लागा.

रिकामा ॲरे पण असाच. फिल्टरनंतर काहीच उरलं नाही तर बेरीज ० येते, ठीक आहे, पण मॅक्सिमम काढलात तर जे आणि बीक्यूएन उणे अनंत देतात. भाषेच्या हिशोबाने ते बरोबरच आहे, पण जेसनमध्ये अनंत लिहायची सोयच नाही, त्यामुळे बिघाड दिसतो तो दोन थर पलीकडे.

मॅट्रिक्स देताना क्रम विसरू नका. जे, एपीएल, बीक्यूएन ओळीमागून ओळ साठवतात, फोरट्रान, आर, मॅटलॅब आणि ज्युलिया कॉलममागून कॉलम. मॅट्रिक्स चौरस असेल तर शेप जुळतो आणि उलटलेला डेटा कळतच नाही, म्हणून टेस्ट नेहमी २ बाय ३ वर करा.

कन्सोलवर चालतं, ॲपमध्ये नाही

जे ची लायब्ररी नुसती इनिशियलाइझ केली की इंजिन सुरू होतं पण स्टँडर्ड लायब्ररीचं प्रोफाइल (सुरुवातीची स्क्रिप्ट) लोड होत नाही, कन्सोल ते आपल्यासाठी करतो. म्हणून ओळखीच्या नावावर व्हॅल्यू एरर आली तर आधी हे बघा. दुसरं, ओळ चालवणारा कॉल फक्त एरर नंबर परत करतो, रिझल्ट नाही. आउटपुट आणि एररचा मजकूर कॉलबॅकमधून (इंजिनने बोलवायचं तुमचं फंक्शन) येतो, कॉलबॅक लावलाच नसेल तर स्क्रिप्ट चालली की मेली काहीच दिसत नाही. रिझल्ट व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि नावाने वाचा. मिळालेला पॉइंटर जे च्याच मेमरीतला असतो, पुढची ओळ चालवायच्या आत कॉपी करून घ्या.

के डीबी (के वर उभा असलेला डेटाबेस, त्याची भाषा क्यू) च्या सी एपीआयमध्ये मेमरीच्या मालकीचा गोंधळ जास्त होतो. क्यूमधून बोलावलेल्या सी फंक्शनने आपलंच आर्ग्युमेंट परत द्यायचं असेल तर रेफरन्स काउंट (ती वस्तू किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) एकने वाढवूनच द्यायचं, नाहीतर क्रॅश होतो आणि तोही भलत्याच ठिकाणी. आणि युजर आयडी किंवा ट्रान्झॅक्शन नंबर सिम्बॉल (आत एकदाच साठवलं जाणारं नाव) करून पाठवू नका, सिम्बॉल एकदा आतल्या टेबलात गेला की प्रोसेस संपेपर्यंत ती मेमरी सुटत नाही.

एकेक रो साठी इंजिनला कॉल करत असाल तर ॲरे लँग्वेज घेतलीच कशाला? अख्खा कॉलम एकदम द्या. लायसन्सही पहिल्याच दिवशी वाचा, जे आणि जीएनयू एपीएल जीपीएल ३ (कोड खुला करायला लावणारं लायसन्स) खाली आहेत आणि बंद प्रॉडक्टमध्ये लिंक करताना ते आडवं येतं.

युजरला एक गोष्ट ठळक सांगून ठेवा: इथे गुणाकार आधी वगैरे काही नाही, सगळं उजवीकडून चालतं, १०-२-३ म्हणजे ११. स्प्रेडशीटमधला फॉर्म्युला जसाच्या तसा आणून टाकणारे इथेच फसतात.

स्क्रिप्टला मोकाट सोडणं

या भाषांत छोटी ओळ प्रचंड मेमरी खाऊ शकते. एक लाख घटकांच्या दोन लिस्टचा बेरीज-तक्ता (पहिलीतला प्रत्येक अधिक दुसरीतला प्रत्येक) म्हणजे १००० कोटी घटक, ८ बाइटने ८० जीबी. जे मध्ये ९!:२१ या आतल्या सेटिंग कमांडने मर्यादा लावता येते पण ती एकेका ॲलोकेशनची असते, एकूण मेमरीची नाही, त्यामुळे प्रोसेसवर ऑपरेटिंग सिस्टिमची मर्यादा लावाच. ९!:३३ ची वेळमर्यादा ओळीगणिक खर्च होत जाते, दर स्क्रिप्टआधी परत भरा. फाइल आणि शेल बंद करायला ९!:२५ ला १ द्या, पण प्रोफाइल आणि तुमच्या लायब्ररी लोड झाल्यावरच, कारण एकदा १ केलं की त्या सेशनमध्ये परत ० करता येत नाही आणि त्यानंतर फाइल वाचणारी प्रत्येक ओळ अडते.