ड्राफ्ट्समन व्हायचंय? आधी माप घ्यायचा व्हर्नियर हातात घ्या

दहावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यातल्या साखळीकडची एक-दोन पोरं हमखास विचारतात, दादा ऑटोकॅडचा (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) क्लास कुठे लावू? मी म्हणतो क्लास राहू दे बाजूला, आधी तुझ्या सायकलचं पेडल कागदावर तीन बाजूंनी काढून दाखव. बहुतेक जण हसतात आणि परत येत नाहीत.

मी ड्राफ्ट्समनच्या, म्हणजे मापांसकट ड्रॉइंग काढून द्यायच्या कामात पडलो ते काही आवडीने नाही. 2012 ला मायनिंग बंद झालं, बाबांचा ट्रक दारात उभा राहिला, आणि घरात एवढंच ठरलं की मुलाने ट्रकवर अवलंबून राहायचं नाही. मार्क बेताचे होते, मग आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल घेतला. दोन वर्षांचा ट्रेड, दहावीला गणित-विज्ञान लागतं. गोव्यात पणजी, म्हापसा, फर्मागुडी, वास्को, डिचोली अशा बऱ्याच ठिकाणी आयटीआय आहेत पण सगळीकडे सारखे ट्रेड नसतात, म्हणून प्रॉस्पेक्टस बघूनच फॉर्म भरा. आणि मेकॅनिकल की सिव्हिल तेही नीट वाचा, आमच्या वर्गात एक जण घरांचे प्लॅन काढायला मिळणार म्हणून आला होता, बिचारा दोन वर्षं नट-बोल्ट काढत बसला.

सुरुवातीला कॉम्प्युटर लांबच. ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर (बोर्डावर लावून सरळ रेघा मारायचं साधन), 2एच आणि एचबी पेन्सिल, आणि लेटरिंग म्हणजे ठरलेल्या वळणात अक्षरं-आकडे लिहिणं, नुसतं लेटरिंग. पावसात शीट दमट व्हायची, रेघ फाटायची, सर परत काढायला लावायचे. तेव्हा वाटायचं हे सगळं जुनाट आहे, पण हाताने प्रोजेक्शन, म्हणजे एकाच वस्तूचे समोरून, वरून, बाजूने दिसणारे व्ह्यू काढताना डोक्यात वस्तू फिरवायची जी सवय लागते ती माऊसने लागत नाही. स्क्रीनवर मॉडेल फिरतं, डोकं तसंच राहतं!

सॉफ्टवेअर काय, लाइन, ऑफसेट, ट्रिम, फिलेट, लेयर अशा कमांड, एवढं महिन्या-दोन महिन्यांत हाताला बसतं. फक्त दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. एक, मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे वस्तू काढतो तिथे, कायम एकास एक मापात काढायचं, स्केल नंतर लेआऊटला, म्हणजे छापायच्या शीटला. दुसरी, डायमेंशन जुळत नाही म्हणून त्यावर डबल क्लिक करून हवा तो आकडा टाइप करायचा नाही. कागदावर ते खपतं, पण फाइल डीएक्सएफ (कटिंग मशीनला देता येणारा फाइल प्रकार) करून लेझर कटिंगला गेली की मशीन रेघ बघतं, तुमचा आकडा वाचत नाही, आणि 100 लिहिलेली प्लेट 98 ची कापून येते.

खरं शिक्षण झालं ते अप्रेंटिसशिपला. फोंड्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये होतो, नाव नको. बाहेरून एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं, ते आमच्या टायटल ब्लॉकच्या (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) शीटवर परत काढायचं होतं. मी सगळे व्ह्यू होते तिथेच तसेच काढले. मूळ ड्रॉइंग अमेरिकन पद्धतीचं, थर्ड अँगलचं, आणि आमच्या टेम्प्लेटवर चिन्ह फर्स्ट अँगलचं, जे आपल्याकडे चालतं. थर्ड अँगलमध्ये उजवीकडून दिसणारा व्ह्यू उजवीकडेच असतो, फर्स्ट अँगलमध्ये तो डावीकडे जातो. मशीनवरच्या काकांनी चिन्ह बघून बरोबर वाचलं, आणि बाराच्या बारा ब्रॅकेटना खाच उलट्या बाजूला. चूक पूर्ण माझी. काका ओरडले नाहीत, फक्त एक ब्रॅकेट माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि चहाला गेले. तो अजून माझ्याकडे आहे, पेपरवेट म्हणून.

त्या दिवसापासून मी जेवणाच्या सुट्टीत लेथजवळ जाऊन बसायला लागलो. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, मला तिथे कळला. पुस्तकात 25 एच7 / जी6 पाठ केलं होतं, म्हणजे भोक 25.000 ते 25.021 मिमी आणि शाफ्ट 24.980 ते 24.993, मार्क पण मिळाले. पण काका म्हणाले, अरे तू प्रत्येक भोकाला एच7 टाकतोस, साधा बोल्ट जायचाय तिथे भोक अचूक मापात आणायला मी रीमर कशाला फिरवू? तेव्हा समजलं की ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मायक्रॉनचे पैसे कोणीतरी भरतो.

पगाराचं म्हणाल तर सुरुवात कमीच असते, घरी भाऊबंद विचारतील तेव्हा तोंड लपवायची वेळ येते. पण अप्रेंटिसशिप टाळू नका, तिथे स्टायपेंड मिळतो आणि राष्ट्रीय प्रमाणपत्रही. पुढे शिकायचं तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची सोय आहे. एक थ्रीडी सॉफ्टवेअर, सॉलिडवर्क्स म्हणा किंवा दुसरं कुठलं, नीट येऊ द्या, चार अर्धवट नकोत. तुम्हाला शीट मेटलचं काम येत असेल तर वेर्णा, कुंडई, बेतोडा इथल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे भाव मिळतो. वास्कोची शिपयार्ड सगळ्यांनाच हवी असते, जाहिरात आली की अर्ज करा पण तिच्यावर डोळे लावून घरी बसू नका.

आणि इंटरव्ह्यूला जाताना सर्टिफिकेटांच्या फाइलसोबत पेन्सिल न्या. मला कोणी ऑटोकॅडच्या कमांड विचारल्याच नाहीत. समोर एक तेलकट पंप कव्हर ठेवलं, व्हर्नियर दिला, कोरा ए4 दिला आणि म्हणाले, अर्ध्या तासात स्केच काढ, माप टाक. मी आधी कोपऱ्यात प्रोजेक्शनचं चिन्ह काढलं.