वुडी घेताय? बॉनेट नंतर उघडा, आधी लाकूड टोचून बघा

रिस्टोअर केलेली वुडी, म्हणजे लाकडी बॉडीची जुनी गाडी, बघायला गेलं की आपण पहिलं काय करतो तर बॉनेट उघडतो. मीही तेच केलं होतं. फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन मस्त गुरगुरत होतं, व्हार्निश आरशासारखं चमकत होतं, पैसे देऊन गाडी घरी आणली आणि पहिल्या पावसाळी आठवड्यानंतर मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात बोट दाबलं तर ते आतच गेलं. वरून व्हार्निश, आत भुसा.

मी बोलतोय ते १९४६ ते १९४८ च्या फोर्ड स्टेशन वॅगनबद्दल. यात पुढचा भाग स्टीलचा, पण विंडशील्डच्या मागे दारं, खांब, टेलगेट (मागचं उघडणारं झाकण) सगळं खरंच लाकडाचं, म्हणजे सांगाडा मेपलचा आणि मधले पॅनल बहुतेकदा मॅहॉगनी प्लायचे, छतसुद्धा लाकडी पट्ट्यांवर कापड ताणलेलं. मिशिगनमधल्या आयर्न माउंटनला फोर्डचा स्वतःचा लाकूड कारखाना होता, तिथे हे बनायचं. १९४९ ते ५१ च्या दोन दारवाल्या मॉडेलला आतून स्टील आलं आणि १९५२ पासून बॉडी पूर्ण स्टीलची, लाकूड नुसतं शोभेला. ४६ ते ४८ च्या गाडीत मात्र लाकूड हीच बॉडी, त्यामुळे इंजिनचं काय, पार्ट मिळतात, मेकॅनिक मिळतो, पण सांधा सडला की सुतारच लागतो आणि त्याचं बिल इंजिनपेक्षा मोठं येऊ शकतं.

तर बघायचं कसं. मालकाला आधी विचारून घ्या, मग बारीक स्क्रू ड्रायव्हरने आतल्या बाजूने, जिथे खूण दिसणार नाही तिथे, हलकेच टोचा. दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकावरची कमान आणि टेलगेटच्या बिजागरीजवळ, या तीन जागा सोडू नका. कडक लागलं तर छान. सांध्याजवळ काळे डाग दिसले म्हणजे पाणी आत गेलंय. दार उघडून थोडं वर उचलून बघा, कुरकुरलं किंवा हललं तर सांधा सुटलाय (किंवा बिजागरी झिजलीय, ते आधी तपासा).

डाग वरवरचे असतील तर जुनं व्हार्निश काढा, ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, हातमोजे आणि गॉगल घालूनच हं, ते विषारी असतं. नंतर पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या आणि लाकूड पूर्ण वाळू द्या, इथे घाई केली की सगळं मुसळ केरात.

मग घासायचं. मेपलला बिनधास्त घासा पण मॅहॉगनी पॅनलला अगदी हलक्या हाताने, वरचा थर कागदासारखा पातळ असतो, मशीन लावलं की गेलाच. मी एका पॅनलची वाट लावलीय, तो आता गॅरेजमध्ये भिंतीवर टांगलाय.

व्हार्निश बोटींना लावतात ते, उन्हापासून वाचवणारं घ्या. घरातल्या फर्निचरचं पॉलियुरेथेन नको, ते कडक होतं आणि लाकूड फुगलं-आकसलं की तडकतं. पहिला हात निम्मं थिनर घालून पातळ, म्हणजे आत मुरतो. पुढचे घट्ट करत न्या, एकूण सहा ते आठ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळला की २२० किंवा ३२० नंबरच्या सँडपेपरने हलकं घासून धूळ पुसायची. लाकडाची कापलेली टोकं स्ट्रॉसारखी पाणी ओढतात, तिथे दोन हात जास्तच मारा. उन्हात लावू नका, बुडबुडे येतात.

दरवर्षी हलकं घासून एक-दोन हात मारले की पुन्हा सगळं सोलायची वेळ येत नाही. गाडी प्रेशर वॉशरने कधीच धुवायची नाही, ओल्या कापडाने पुसायची. आणि प्लॅस्टिकचं कव्हर टाकून झाकू नका, आत घाम धरतो, सुती कव्हर घाला, तेही गाडी पूर्ण कोरडी झाल्यावरच.