गाडीचं ऑइल स्वतः बदलताय? मग या चुका टाळा

घरच्या घरी इंजिन ऑइल बदलणं अवघड नाही. खालचा बोल्ट (ड्रेन बोल्ट) काढायचा, जुनं ऑइल सोडायचं, फिल्टर बदलायचा, बोल्ट परत लावायचा आणि वरून नवं ऑइल ओतायचं. निवांत केलं तर तास-दीड तासाचं काम. पण ते सोपं वाटतं म्हणून माणसं अर्ध्या तासात उरकायला जातात, आणि मग मला फोन येतो. मी माझ्या गाडीचं काम स्वतः करतो हे ओळखीत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे इतरांचं बिघडलेलं निस्तरायला बऱ्याचदा मीच जातो. इतक्या वर्षांत नवीन चूक क्वचितच पाहिली. त्याच त्या चुका, माणसं तेवढी वेगळी. त्यातल्या एकीत इंजिन जातं आणि दुसरीत चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइल साठवणारं भांडं, म्हणून आधी त्या दोघींबद्दल सविस्तर लिहितो.

जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहते

डब्यासारखा गोल फिल्टर असतो त्याच्या तोंडाशी खाच असते आणि त्या खाचेत एक रबरी रिंग. फिल्टर आवळला की ही रिंग इंजिनाच्या सपाट तोंडावर दाबून बसते आणि ऑइल अडवते. हजारो किलोमीटर उष्णता खाल्ल्यावर ती कडक होते, इंजिनाला चिकटते. फिल्टर फिरवून काढला की डबा हातात येतो आणि रिंग वरच राहते. रिंग काळी, आजूबाजूला काळं ऑइल, वर अंधार. दिसायचं कसं? त्याच रिंगेवर नवा फिल्टर चढवला की एकावर एक दोन रिंगा होतात. नवी खाचेत बसलेली असते, जुनीला मात्र धरून ठेवणारं काही नसतं. गार इंजिन सुरू होताना ऑइल जाड असतं आणि त्याचा दाब चार-पाच बारपर्यंत चढू शकतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळपास दुप्पट. त्या दाबाने जुनी रिंग बाजूने बाहेर ढकलली जाते. मग सगळं ऑइल बाहेर यायला काही मिनिटं पुरतात.

माझ्या भाच्याने पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा हेच झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे लांब जायचं होतं, म्हणून त्याने रात्री मोबाइलच्या उजेडात काम उरकलं. इंजिन सुरू करून पाहिलं, ऑइलच्या दाबाचा लाल दिवा विझला, खाली थेंब नाही. तेवढ्यावर तो झोपला. पहाटे गार इंजिन आणि निघायची घाई. वीसेक मिनिटांत त्याचा फोन आला.

"मामा, लाल दिवा लागलाय, तो किटलीच्या चित्राचा. पण गाडी चालतेय व्यवस्थित. घरापर्यंत आणू का? दोनच किलोमीटर आहे."

"आणू नकोस. आहेस तिथे बाजूला घे आणि इंजिन बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"मामा, आलोच की. दोन मिनिटं."

तो आला नाही. मीच गेलो. रस्त्यावर ऑइलची काळी रेघ होती, तिच्या मागोमाग गेलो तर गाडी उभी. खालचा भाग मागच्या बंपरपर्यंत निथळत होता. ऑइलची पातळी मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढली, कोरडी. फिल्टर सोडवला तेव्हा दोन्ही रिंगा समोर आल्या. नवी अजून फुगीर आणि लवचिक, जुनी चपटी, आणि तिचा एक वेढा जिभेसारखा बाहेर आलेला. नखाने खरवडली तेव्हा सुटली, इतकी घट्ट चिकटली होती. थांबायच्या आधी इंजिनातून ठकठक आवाज येत होता असं त्याने नंतर सांगितलं. क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, बेअरिंग गेली होती. पुढे पूर्ण इंजिन उघडावं लागलं.

यात दोन चुका आहेत. रिंग राहिली ही पहिली, आणि ती कोणाच्याही हातून होऊ शकते. दिवा दिसूनही चालवत राहिला ही दुसरी, आणि इंजिन गेलं ते हिच्यामुळे. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर घर, मेकॅनिक, पुढचा चौक यांतलं काहीही गाठायचं नसतं. दाब नसताना धातूवर धातू घासतो आणि त्याला दोन किलोमीटर खूप होतात.

माझी सवय सांगतो. जुना फिल्टर काढला की लगेच फेकत नाही. तोंड वर करून उजेडात ठेवतो आणि खाचेत रिंग आहे का बघतो. असली तरी इंजिनाचं तोंड फडक्याने पुसतो आणि त्यावरून बोट गोल फिरवतो. उघडा धातू गार आणि गुळगुळीत लागतो, रबर लागलं तर बोटाला लगेच कळतं. डोळ्यांपेक्षा माझा बोटावर जास्त विश्वास आहे. मग नव्या फिल्टरच्या रिंगेला ताज्या ऑइलचं बोट लावायचं, फिल्टर हाताने फिरवायचा आणि रिंग टेकल्यावर पुढे साधारण पाऊण फेरा द्यायचा. फिल्टरच्या डब्यावर वेगळं छापलं असेल तर ते प्रमाण. आवळायला पाना लागत नाही. पान्याने आवळलेले फिल्टर पुढच्या वेळी निघत नाहीत आणि मग लोक त्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवतात. पत्रा फाटतो, फिल्टर तिथेच राहतो, ऑइल अंगावर येतं. स्क्रू ड्रायव्हरची ही युक्ती ज्याने पसरवली त्याच्यावर माझा खरोखर राग आहे. फिल्टर सोडवायला पट्ट्याचा किंवा टोपीसारखा बसणारा पाना मिळतो, तो घ्या.

तुमच्या गाडीत डबा नसून कागदी फिल्टर प्लॅस्टिकच्या टोपणात बसत असेल, तर टोपणाची ओ-रिंग दर वेळी नवीन टाका आणि ती नेमक्या त्याच खाचेत बसवा. आवळायचं किती हे बऱ्याचदा टोपणावरच कोरलेलं असतं, बहुतेक २५ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप). जास्त जोर लावला तर टोपणाला चीर जाते.

ड्रेन बोल्ट आणि "अजून थोडं"

बोल्ट ढिला राहून पडेल, ही नवशिक्यांना सगळ्यात मोठी भीती. म्हणून बसलेला बोल्ट ते अजून थोडा आवळतात, मग अजून थोडा, आणि काही जण तर पान्याला पाइप लावून जोर करतात. बऱ्याच गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादी. दोघांत कोण हरणार हे उघड आहे.

एका मित्राच्या गाडीला ड्रेन बोल्टमधून थेंब येत होता. त्याने आवळला, थेंब थांबला नाही, परत आवळला. तिसऱ्यांदा बोल्ट लोण्यात फिरावा तसा नुसताच फिरायला लागला. मी तो बाहेर काढला तर बोल्टच्या आट्यांमध्ये चांदीसारखी चमकणारी बारीक तार गुंडाळलेली. ते चेंबरचे आटे होते, अखंड सोलून बाहेर आलेले. आणि थेंब कशाचा होता? वॉशरचा. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर एकदा दाबलं गेलं की त्याचा आकार बदलतो, दुसऱ्यांदा ते तितकं नीट बसत नाही. नवीन वॉशर टाकलं असतं तर काम तिथेच मिटलं असतं. शेवटी चेंबरच्या भोकात नवीन आट्यांची कडी बसवून घ्यावी लागली.

माझ्या हत्यारांच्या पेटीत एका डबीत त्याच मापाची पाच-सहा वॉशर कायम असतात. ऑइल बदललं की वॉशर बदललं, यात मी सूट घेत नाही. बोल्ट लावताना आधी पाना हातात घेतच नाही. बोटांनी उलटा थोडा फिरवतो, आटा आट्यात पडल्याची बारीक टक जाणवते, मग सुलटा. चार-पाच फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. गेले नाहीत तर तो तिरका चढतोय. काढायचा, आटे पुसायचे, परत लावायचा. तिथे जोर लावला की आटे कापले जातात. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस पुस्तिकेत मिळतो, पुष्कळ गाड्यांत तो २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पण दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. टॉर्क रेंच घ्यायचा नसेल तर निदान आखूड पाना वापरा. लांब पान्याने हाताला अंदाजच राहत नाही.

भलतंच ऑइल सोडलं

गाडीखाली बोल्ट एकच नसतो. गिअरबॉक्सलाही सोडायचा बोल्ट असतो, आणि काही गाड्यांत तो इंजिनाच्या बोल्टपेक्षा आधी नजरेत येतो. माणूस गिअरबॉक्स रिकामा करतो आणि वरून इंजिनात पूर्ण नवं ऑइल ओततो. आता गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिनात दुप्पट ऑइल. वापरलेलं इंजिन ऑइल काळपट आणि पातळ पडतं. लालसर, हिरवट किंवा अगदी स्वच्छ काही पडायला लागलं तर बोल्ट लगेच परत लावा. सगळं निघून गेलं असेल तर इंजिन सुरूच करू नका, गाडी ढकलून बाजूला लावा आणि माहितगाराला बोलवा. मी बोल्ट सोडण्याआधी तो ज्या भांड्याला लागलाय ते भांडं बोटाने चाचपत इंजिनापर्यंत जातो. एक मिनिट लागतं.

हे जॅकबद्दल

यावर मी वाद घालत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. बोल्ट फक्त सैल करायचा असला तरी नाही, दोन सेकंदांसाठीही नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी स्टँड असतात. सपाट कडक जमीन, हँडब्रेक, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, स्टँड मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. आणि खाली जाण्याआधी गाडीला हाताने चांगला धक्का देऊन बघायचा. हलली तर परत उतरवायची आणि नव्याने उभी करायची. एवढी सोय नसेल तर ऑइल बाहेरून बदलून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

कोणतं आणि किती

"जाड ऑइल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण" हे अजून ऐकू येतं. जुन्या, झिजलेल्या इंजिनांच्या काळातला हा समज. आजच्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणासुद्धा ऑइलच्याच दाबावर चालते आणि तिचे मार्ग बारीक असतात. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर: पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सियसला ते किती घट्ट राहतं ते. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घ्या. नुसते आकडे जुळवून भागत नाही, कॅनवरची एपीआय किंवा एसीईए या ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थांची खूणही जुळली पाहिजे. काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीत जळल्यावर कमी राख सोडणारंच ऑइल लागतं, नाहीतर तो फिल्टर हळूहळू तुंबतो. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो, तिथे चुकीच्या ऑइलने बेल्टचे तुकडे सुटतात आणि ते ऑइल ओढणारी जाळी बंद करतात.

किती ओतायचं यात घाई नडते. कॅन रिकामा झाला म्हणून गाडी भरली असं होत नाही. मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा दोन आकडे असतात, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा मी अर्धा लिटर कमी ओततो, इंजिन मिनिटभर चालवतो, बंद करून दहा मिनिटं थांबतो आणि मग डिपस्टिक बघतो. पुष्कळ गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटरचा फरक असतो, त्या हिशेबाने थोडं थोडं घालतो. वरच्या खुणेच्या वर ऑइल गेलं तर फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळलेल्या ऑइलने दाब धरत नाही. डिझेल इंजिनात जादा ऑइल हवेच्या वाटेने आत ओढलं गेलं तर इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं, चावी बंद करूनही थांबत नाही. जास्त झालं असेल तर चालवून संपेल म्हणत बसू नका, काढून टाका.

बाकी छोट्या गोष्टी. ऑइल सोडण्याआधी इंजिन पाचेक मिनिटं चालवा, कोमट ऑइल भराभर आणि गाळासकट निघतं. लांबच्या प्रवासाहून आल्याआल्या बोल्ट काढू नका, हात भाजेल आणि सायलेन्सरही तापलेला असतो. ऑइल बदलून जुना फिल्टर तसाच ठेवणं म्हणजे अंघोळ करून मळलेले कपडे घालणं. इंजिन धुणारी औषधं कंपनीने सांगितली नसतील तर लांब ठेवा. ओतायचं झाकण लावलं का हे बॉनेट बंद करण्याआधी हात लावून बघा. हातमोजे घाला, वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाशी संबंध असलेली हायड्रोकार्बन असतात. जुनं ऑइल गटारात, मातीत किंवा कचऱ्यात नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते गोळा करणाऱ्या ठिकाणी द्या, आणि त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नका, मग ते कोणी घेत नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू कराल तेव्हा ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. विझला की टॉर्च घेऊन फिल्टर आणि बोल्ट दोन मिनिटं बघत बसा. त्यानंतर मी गाडी जवळच एक चक्कर मारून आणतो, रात्री खाली पांढरा पुठ्ठा पसरतो आणि सकाळी गार इंजिन सुरू करून फिल्टरकडे पुन्हा बघतो. पुठ्ठा कोरडा निघाला की तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवतो.